सतरा नव्हे, पाच

बातमी आली ती मोबाइलवर, कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर. "जगदाळे साहब नहीं रहे. धार वाले." खाली हात जोडलेले पंधरा-वीस पंजे, दोन-तीन "ॐ शांति", आणि मग स्टोअरमधल्या एकाने विचारलं, "कौन जगदाळे? वही डोंगल वाले?" त्याला उत्तर आलं, "हाँ वही. आदमी अच्छा था यार, बस वो चोरी वाला मामला…" पुढे तीन टिंबं. त्या तीन टिंबांकडे मी बराच वेळ बघत राहिले. काहीतरी टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मग ठरवलं, की हे मोबाइलवर लिहायचं नाही. कागदावर लिहायचं, मराठीत लिहायचं आणि चार लोक वाचतील अशा ठिकाणी द्यायचं. म्हणून हा लेख. कोणाला बरं वाटावं म्हणून नाही, सांगून ठेवते.

मी मध्य प्रदेशातल्या देवासजवळच्या टोंकखुर्दची. बाबांची पिठाची गिरणी होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही विचारलं नाही तरी सांगते. देवासच्या कॉलेजातून कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झाले, तेव्हा बाबांनी दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर आधी पेढा ठेवला होता, मग डबा तोलला होता. नोकरी लागली देवासच्या औद्योगिक भागात, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून. तिथे नेटवर्क सांभाळायचे दिगंबरराव जगदाळे. सगळे त्यांना जगदाळे साहब म्हणायचे. मी पहिले दोन महिने सर म्हणाले आणि नंतर काका. ते मला कधी सुनंदा म्हणायचे, आणि मी काही मूर्खपणा केला की "बीएस्सीबाई." दिवसातून तीन-चार वेळा बीएस्सीबाई व्हायचेच.

काकांचं घर धारचं. त्यांचे आजोबा, आबासाहेब, संस्थानच्या शिलेखान्याचे किल्लीदार होते. म्हणजे तलवारी, बंदुका जिथे ठेवतात त्या कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. कोणतं हत्यार कधी बाहेर गेलं, कोणी नेलं, कधी परत आलं, याची नोंद त्यांच्या हातची. काका हे अभिमानाने सांगत, पण फुगून नाही. "आमच्या आबासाहेबांनी उभ्या जन्मात एक लढाई बघितली नाही. पण एक कट्यार कमी भरली असती तर रात्री जेवले नसते," असं म्हणून हसायचे. कारखान्यात काकांकडेही एक किल्ली होती. ड्रॉइंगचं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरायचो ते परदेशी कंपनीचं, आणि त्याच्याबरोबर काडेपेटीएवढा एक प्लास्टिकचा ठोकळा आलेला, त्याला डोंगल म्हणतात. मुख्य कॉम्प्युटरच्या मागे तो लावला, की नेटवर्कवरच्या पाच मशिनींवर ड्रॉइंग उघडायचं. पाचच. सहावी मशीन उघडायला गेलं, की पडद्यावर नकार. डोंगल काढला तर सगळंच बंद. सॉफ्टवेअरची नक्कल कोणी केली, तरी या ठोकळ्याशिवाय ती मुकी, अशी ती व्यवस्था.

त्या डोंगलसाठी आणि बाकी सगळ्या परवान्यांसाठी काकांनी एक रजिस्टर ठेवलं होतं. लाल कापडी पाठीचं, लांबट. त्यात मराठीत लिहायचे, कारण आबासाहेबांची वही मराठीत होती. कोणत्या मशीनवर काय घातलं, कधी काढलं, बिल कोणत्या फायलीत, सगळं. मी शाळा हिंदीतून शिकलेली. घरात मराठी बोलायचो, पण वाचायला बसलं की जीभ अडखळायची. काकांनी मला ते रजिस्टर मोठ्याने वाचायला लावलं, रोज एक पान. चुकले की म्हणायचे, "बीएस्सीबाई, 'निकामी' म्हणजे काय ते सांगा आधी, मग पुढे चला." माझं मराठी वाचन असं परवान्यांच्या नोंदींवर झालेलं आहे. आज हे लिहू शकते आहे ते त्या लाल रजिस्टरमुळे.

आता मुद्द्यावर येते. खंडेनवमीला धारच्या घरी हत्यारांची पूजा असायची, आणि काकांनी तीच पद्धत कारखान्यात आणली होती. त्या दिवशी दुपारी ते डोंगल काढायचे, पाटावर लाल कापड घालून त्यावर ठेवायचे. शेजारी स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, रजिस्टर. तासभर ड्रॉइंग बंद. डिझाइनवाले कुरकुरायचे, "क्या भिया, इसकी भी आरती उतारोगे?" काका म्हणायचे, "साल में एक घंटा हथियार को भी बैठने दो यार." पूजा मात्र कोरडी. कोरडं कुंकू, कोरड्या अक्षता, एक झेंडूचं फूल. पाण्याचा थेंब नाही. त्या वर्षी पाट मांडून झाला आणि सेठजींनी, म्हणजे मालकांनी, काकांना केबिनमध्ये बोलावलं. जाताना मला म्हणाले, "तेवढी पूजा तू आटप. कोरडी." मी हो म्हटलं. पण आमच्या गिरणीत खंडेनवमीला आई जात्याच्या दगडावर फुलाने पाणी शिंपडायची, ओलं कुंकू पाच बोटांनी ओढायची. कोरडी पूजा म्हणजे मला देवाला उपाशी उठवल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी बीएस्सी नव्हतेच, गिरणीवाल्याची मुलगी होते. वाटीत कुंकू भिजवलं, डोंगलला बोट लावलं, फूल बुडवून तीनदा पाणी शिंपडलं, नमस्कार केला. मग ओढणीने पुसला आणि शहाणपणा करून स्वतःच मशीनला लावला. त्याचा हिरवा दिवा लागला… आणि विझला. पुन्हा लागला नाही.

काका आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी डोंगल काढून नाकाजवळ नेला. पिनांच्या मधे लाल चिखल. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "पूजा छान झाली." आणि रजिस्टर उघडून लिहायला बसले. काय लिहिलं ते मी तेव्हा वाचलं नाही, हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. ट्रॅक्टरच्या गिअरची मोठी ऑर्डर, ड्रॉइंग सगळी आत बंद. इंदूरला त्या कंपनीचा एजंट होता, काका मला घेऊन त्याच्याकडे गेले. बिल दाखवलं, मेलेला डोंगल दाखवला. तो पंख्याखाली बसून म्हणाला, "सर, डोंगल ही सॉफ्टवेयर है. डोंगल गया तो सॉफ्टवेयर गया. और ये वाला तो अब आता भी नहीं. नया लेना पड़ेगा." काकांनी विचारलं, "तलवार की मूठ टूट जाए तो जागीर वापस ले लेते हो क्या?" त्याला कळलं नाही. परत येताना बसमधून देवासची टेकडी दिसायला लागली तेव्हा काका म्हणाले, "विकत घेतलेल्या घराचं कुलूप आहे. किल्ली हरवली म्हणून मी फुटपाथवर झोपणार नाही."

रविवारी कारखाना बंद. सकाळपासून आम्ही दोघं बसलो. त्यांनी मला समजावून सांगितलं, की प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने डोंगलला हाक मारतो, आणि डोंगलने ठरलेली ओ दिली की पुढे चालतो. त्यांना डोंगलची ओ ठाऊक नव्हती, ती शोधायला तीन दिवस लागले. मग त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला, जो डोंगलच्या ऐवजी ओ देईल. पाच मशिनी उघडल्या. मी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "थांब, अर्धं काम झालंय." आणि आणखी एक दिवस खर्चून त्या प्रोग्राममध्ये त्यांनी मोजणी घातली, की सहाव्या मशीनने मागितलं तर नकार. दुसऱ्याचं कुलूप काढून त्याच जागी स्वतःचं, तेवढंच घट्ट कुलूप लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्यावर कडी म्हणजे त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. इंग्रजीत होतं, मीच टाइप केलं. मजकूर असा, की आपला डोंगल निकामी झाला. दुसरा आपण देत नाही. म्हणून आपले कुलूप मी उघडले आहे. आम्ही विकत घेतलेल्या पाच मशिनींवर ते चालेल, सहावीवर चालणार नाही, अशी तजवीज केली आहे. खात्री करायला केव्हाही यावे. चहा होईल. खाली पूर्ण नाव आणि सही.

मला सांगा, चोर असं पत्र लिहितो?

सेठजींना वेगळीच गोष्ट कळली, की कुलूप निघतं. ते आमच्या खोलीत आले, खुर्चीच्या हातावर बसले. "जगदाळे, खुल ही गया है तो सब में डाल दो ना."

"सेठजी, लाइसेंस पाँच का है."

"अरे भिया, देवास में कौन देखने आ रहा है?"

"मैं देख रहा हूँ ना," काका म्हणाले.

सेठजी हसले आणि गेले. दोन महिन्यांनी पुतणीच्या लग्नासाठी काका चार दिवस धारला गेले, तेवढ्यात सेठजींच्या भाच्याने तो छोटा प्रोग्राम उचलून उरलेल्या एकेका मशीनवर वेगवेगळा ठेवला. म्हणजे प्रत्येक मशीन स्वतःचीच मालकीण, मोजणार कोण? काका परत आले, मशिनी मोजल्या आणि रजिस्टरात लिहिलं: "आज सतरा भरल्या. पाच माझ्या. बारा माझ्या नव्हेत." त्या बारा त्यांनी पुसल्या. आठवड्यात पुन्हा आल्या. पुन्हा पुसल्या. असं तीनदा झालं, तिन्ही वेळच्या नोंदी आहेत. चौथ्यांदा पुसायच्या आधी कंपनीची माणसं आली. काकांच्या पत्रातलं "केव्हाही यावे" त्यांनी मनावर घेतलं होतं. चहा मात्र प्यायले नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत चौकशी झाली. कंपनीचे दोन साहेब, सेठजी, भाचा आणि काका. रजिस्टर टेबलावर. साहेबांना अक्षरं लागत होती, मराठी लागत नव्हती. एक म्हणाला, "इसमें एक-एक शब्द का मतलब चाहिए, अंदाज़ा नहीं." सेठजी म्हणाले, "वो लड़की है ना, ऑपरेटर, उसको आता है." मला बोलावलं. मी उभी राहून एकेक नोंद मराठीत वाचायची, मग हिंदीत सांगायची. खंडेनवमीची नोंद आली. मी ती पहिल्यांदा तिथेच वाचली: "डोंगल पाण्याने निकामी झाला. किल्ली माझ्या ताब्यात होती. जबाबदारी माझी." मी हिंदीत सांगितलं, की जगदाळे साहब लिखते हैं, ज़िम्मेदारी उनकी है. साहेबाने मान वर केली. "पानी किसने डाला?"

सगळं त्या प्रश्नात होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्यांचा संशय असा होता, की या माणसाने डोंगल मुद्दाम मारला, कुलूप तोडायला निमित्त मिळावं म्हणून, आणि तोडलेली प्रत वाटत सुटला. मी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, पाणी मी घातलं, पूजेत घातलं, अक्कल नव्हती म्हणून घातलं. मुद्दामपणा तिथेच गळून पडला असता. माझं तोंड उघडलेलं होतं. डोळ्यांसमोर बाबा, दळणाच्या रांगेत पेढे वाटणारे… नोकरी गेली तर टोंकखुर्द, आणि महिन्याभरात कुठलंतरी स्थळ. काकांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "रजिस्टर में लिखा है ना. आगे पढ़ो." आणि मी पुढे वाचलं.

पुढच्या नोंदीही वाचल्या. पाच माझ्या, बारा माझ्या नव्हेत. साहेबाने विचारलं तेव्हा काका उभे राहिले. "पाँच का जवाब मैं दूँगा, लिखकर दिया हुआ है. बारह का जवाब उधर पूछो," आणि सरळ भाच्याकडे बोट केलं. भाचा खिडकीबाहेर बघत होता. पण सेठजींचं आणि कंपनीचं आपसात मिटलं, नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि मिटवताना एक नाव लागतं ते जगदाळ्यांचं लागलं. अहवालात "जानबूझकर" हा शब्द आला. जिन्यात मी रडत म्हटलं, "काका, मी आत जाऊन सांगते." ते म्हणाले, "बीएस्सीबाई, गप्प घरी जा. किल्ली ज्याच्या कमरेला, उत्तर त्याने द्यायचं. तू पाणी घातलंस, पण पाट मांडून उठून कोण गेलं?"

दुसऱ्या दिवशी गेटवर नोटीस लागली. कर्मचारी दिगंबर जगदाळे को सत्रह कंप्यूटरों पर सॉफ्टवेयर की चोरी के कारण, वगैरे वगैरे. काका शेवटचा हिशोब घ्यायला आले होते. पहिली पाळी सुटायची वेळ, दीड-दोनशे माणसं गेटवर. काकांनी चष्मा लावून पूर्ण नोटीस वाचली. मग खिशातून पेन काढलं, "सत्रह" वर एक रेघ मारली, वर लिहिलं "पाँच", आणि शेजारी पूर्ण सही केली. चौकीदार म्हणाला, "साहब, ये क्या कर रहे हो?" काका म्हणाले, "गलती थी, सुधार दी." आणि सायकल घेऊन निघून गेले. ती नोटीस कोणी बदलली नाही, पावसाने गळून पडेपर्यंत तशीच होती. ग्रुपवर टिंबं देणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी गेटवर उभे होते. त्यांना सत्रह आठवतं, पाँच आठवत नाही. आणि त्यांना काय बोलू, मी पण गेटवर उभीच होते.

रजिस्टर आणि मेलेला डोंगल घेऊन काका धारला गेले आणि घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक म्हणायचे, चोरीत नाव झालंय, आता चोरीचा माल तरी स्वस्तात मिळेल. बदनावरच्या मंडीतला एक अडत्या मशीन घेऊन आला. म्हणाला, "भिया, सब कुछ डाल दो, सीडी मैं इंदौर से लाया हूँ." काकांनी सीडी त्याच्या खिशात परत घातली आणि फुकट मिळणारी, कायदेशीर सॉफ्टवेअर भरून दिली. तो कुरकुरत गेला आणि पुढच्या वर्षी मुलाला शिकायला पाठवलं. असे कितीतरी शिकून गेले. काकीसाहेब म्हणायच्या, "ह्यांचं दुकान म्हणजे शाळाच, फक्त घंटा नाही."

मी दर दिवाळीला जायचे. पुढे मी तो कारखाना सोडला. आज देवासच्या एका मोठ्या संस्थेचं नेटवर्क माझ्या हातात आहे. आता डोंगल नाहीत. परवाना दूर कुठेतरी असतो, तिथून दरवर्षी हुकूम येतो, की चालू ठेवा किंवा बंद करा. हातात धरायला काहीच नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे भाड्याची तलवार. म्यानसुद्धा आपलं नाही!" आणि खोकेपर्यंत हसले. मी मात्र सगळं विकत घेतलेलंच ठेवते आणि मशिनी मोजते. पण विकत घेतलेलं बंद पाडणाऱ्याशी भांडतेही, लेखी, पोचपावतीसह. दोन्ही त्यांच्याकडूनच शिकले. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी ते पत्र पुन्हा वाचावं.

दर भेटीत मी एकच म्हणायचे, "काका, आता मी खरं लिहून देते." ते म्हणायचे, "मी असेपर्यंत नको. माझी नोंद खोटी पडेल. मग तुझी मर्जी." शेवटची भेट उन्हाळ्यातली. दम लागत होता, तरी खाटेवरून विचारलं, "बीएस्सीबाई, 'तजवीज' म्हणजे काय?" मी अर्थ सांगितला. "पास," म्हणाले.

तर आता माझी मर्जी. पाणी मी घातलं होतं. मुद्दाम नाही, मूर्खपणाने. दिगंबर जगदाळे यांनी डोंगल मारला नाही, त्यांनी एकही प्रत चोरली नाही, आणि बारा मशिनी कोणी केल्या हे सेठजींच्या खुर्चीत आज जो बसतो त्याला ठाऊक आहे. त्याला मराठी येत नसेल तर मी येऊन हिंदीत वाचून दाखवीन, शब्दाला शब्द. त्या कामाचा मला अनुभव आहे. यावेळी मधे थांबणार नाही.

तेराव्यानंतर धारला गेले तेव्हा काकीसाहेबांनी लाल कापडात गुंडाळलेलं रजिस्टर आणि डोंगल माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "यंदा आमच्याकडे सण नाही. खंडेनवमीला हे बिनपुजेचं राहायचं. तू नेऊन पूज, तुझ्याच हातचं आहे ते." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं चहा देताना कधी दाखवलं नाही.

परवा खंडेनवमी झाली. देवासच्या माझ्या घरी पाट मांडला, लाल कापड घातलं, डोंगल ठेवला. पिनांमधला जुना लाल डाग अजून तसाच आहे. कोरड्या कुंकवाची डबी हातात घेतली, खाली ठेवली. वाटीत पाणी घेतलं, कुंकू भिजवलं, पाची बोटं भरून ओढली, फूल बुडवून तीनदा शिंपडलं. आता काय बिघडायचं ते बिघडून झालंय. मग रजिस्टर उघडलं. काकांच्या शेवटच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं होतं. तारीख घातली आणि लिहिलं:

"खंडेनवमीचे पाणी मी घातले. जबाबदारी माझी. सुनंदा मोहिते, बी.एस्सी."

शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.